पल्ल्याचा आंकडा आणि मोगरी

आषाढी एकादशीस पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हां जयघोष दूरवर ऐकूं येतो. परंतु चाकाखालीं लांकडी मोगरी लावून त्या अवजड रथास आवरणारा व वळण देणारा मनुष्य फारसा कोणाच्या नजरेस पडत नाहीं. दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या चांचण्यांच्या बातम्या वाचतांना आम्हांस त्या मोगरीवाल्याची आठवण होते. वरणगांव व भुसावळ येथें युद्धसामग्रीचे कारखाने असल्यामुळें आमच्या खानदेशास हा विषय अगदींच परका नाहीं.

अशा अस्त्रांच्या बातमीचा आरंभ मौनांत झाला. ८ सप्टेंबर १९४४ रोजीं जर्मनीचें पहिलें व्ही-२ अस्त्र लंडनवर कोसळलें. शत्रूस नेम सुधारतां येऊं नये म्हणून ब्रिटिश सरकारनें वृत्तपत्रांचीं तोंडें बंद ठेविलीं. लोकांत मात्र गॅसचे नळ फुटल्याची वदंता पसरली. चर्चिल यांनीं पार्लमेंटांत सत्य सांगितलें, तें १० नोव्हेंबर रोजीं. जें कानांनीं ऐकूं येत होतें, तें कागदावर वाचावयास मिळत नव्हतें.

आपल्याकडे त्या मौनाच्या जागीं जयघोष आला आहे. १९ एप्रिल २०१२ रोजीं ओडिशाच्या किनाऱ्याजवळील व्हीलर बेटावरून अग्नि-५ चें पहिलें उड्डाण झालें. पल्ला ५,००० किलोमीटरांचा. उड्डाण सुमारें २० मिनिटांचें. आमच्याकडील पत्रांनीं बीजिंग टप्प्यांत आल्याचें सांगितलें. चीनच्या 'ग्लोबल टाइम्स'नें भारतास क्षेपणास्त्रांचा भ्रम झाल्याचें म्हटलें. तर तेथील एका तज्ज्ञानें खरा पल्ला ८,००० किलोमीटर असल्याचा दावा केला. उड्डाण एकच, पण ज्यास जें हवें, तें त्यानें त्यांत पाहिलें.

वस्तुतः चांचणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेंत अपयशासही जागा असते. ९ जुलै २००६ रोजीं अग्नि-३ चें पहिलें उड्डाण फसलें. १२ एप्रिल २००७ रोजीं दुसरें यशस्वी झालें. मधल्या नऊ महिन्यांत दोष शोधण्यासाठीं जे श्रम झाले, त्यांचा जयघोष कोण करणार?

याहून महत्त्वाची मोगरी निराळीच आहे. ऑक्टोबर २००५ मध्यें भारत व पाकिस्तान यांनीं करार केला. त्यान्वयें बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चांचणीची सूचना निदान तीन दिवस आधीं परस्परांस द्यावयाची असते. हेतु हा कीं, आकाशांत दिसलेली ज्वाळा परीक्षेची आहे, हल्ल्याची नव्हे, हें शेजाऱ्यास ठाऊक असावें. बातमींत या सूचनेचा उल्लेख बहुधा शेवटच्या ओळींत येतो, किंवा येतच नाहीं. ९ मार्च २०२२ रोजीं भारताचें एक क्षेपणास्त्र चुकून सुटलें व पाकिस्तानांत मियाँ चन्नूजवळ पडलें. ११ मार्च रोजीं भारत सरकारनें खेद व्यक्त केला. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. ती चांचणी नव्हती. तथापि सूचनेवांचून सुटलेलें एक अस्त्र केवढा अनर्थ ओढवूं शकेल, याची कल्पना त्या दोन दिवसांनीं आणून दिली.

रथ ओढणाऱ्यांचा उत्साह आम्हांस कमी लेखावयाचा नाहीं. मात्र वाचकांनीं पल्ल्याच्या आंकड्यावर थांबूं नये. काय सिद्ध झालें, काय फसलें, शेजाऱ्यास आधीं कळविलें होतें काय, हेंही विचारावें, व पत्रकर्त्यांनीं तें सांगावें, एवढीच आमची विनंति आहे. मोगरी चुकली, तर रथ प्रथम ओढणाऱ्यांच्याच अंगावर येतो.