किंग हेन्रीज रोडवरील घर आणि मंडणगडची जमीन

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. त्यातील आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. दापोलीजवळचे वणंद हे रमाबाईंचे माहेर. या दोन गावांच्या नात्यातून उभा राहिलेला संसार १९२० ते १९२३ या काळात दोन मुलखांत वाटला गेला होता. रमाबाई मुंबईत परळच्या चाळीत, तर बाबासाहेब लंडनमध्ये. त्यातील १९२१-२२ चा काळ बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरात राहिले. हेच घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले. जयंतीच्या भाषणांत या व्यवहाराचा गौरवाने उल्लेख होतो. त्याचा हिशेब मात्र आपण आपल्या बाजूने मांडून पाहिला पाहिजे.

परदेशात स्थावर घेणे ही आपल्याकडे पैसेवाल्यांची बाब. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली येथे राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून बाहेर घर घेता येत नसे. २००४ पासून ही वाट सैल झाली आणि पुढे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली. ज्यांच्यापाशी असा पैसा आहे ते लंडनमध्ये, दुबईत सदनिका घेतात, भाडे खातात, भाव चढण्याची वाट पाहतात. किंग हेन्रीज रोडचे घर या पठडीतले नाही. ते समजून घ्यायचे तर आधी कोकणच्या जमिनीकडे यावे लागते.

कोकणात जमीन कसणारा एक आणि कागदावरचा धनी दुसरा, ही रीत खोतीने पक्की केली. खोत हा मुळात गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा. पिढीजात हक्काच्या जोरावर तोच गावाचा मालक होऊन बसला. कुळाने पिकाचा वाटा, अनेकदा अर्धा, त्याच्या दारात नेऊन टाकायचा आणि वर वेठ करायची. महारांच्या वाट्याला वतन होते असे सांगितले जाते. पण वतनाची जमीन ही गावकीच्या राबणुकीची बेडी होती, आणि १८७४ च्या वतन कायद्याने ती बेडी सरकारी शिक्क्याने आवळली. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाच्या सुधारणेचे बिल आणले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली ती १९५८ च्या.

घराची गोष्ट याहून विदारक आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून तो एका पारशी उतारूगृहात राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांचा घोळका दारात उभा राहिला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या परीने अंग काढून घेतले. शेवटी गाडी सुटेपर्यंत सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून राहावे लागले. हातात पदवी होती, पगार होता, भाडे देण्याची ऐपत होती. तरीही छप्पर नव्हते! आपल्या देशात घर पैशाने मिळत नाही, जातीने मिळते, हा धडा अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याला कुठल्या ग्रंथालयात मिळाला नव्हता.

याच अनुभवाच्या पाठोपाठ, १९१८ साली, त्यांनी भारतातील लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमीन किती एकर आहे यावरून तिची किफायत ठरत नाही. तिच्याबरोबर भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण काय आहे यावरून ती ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शाहू महाराजांची मदत, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. किंग हेन्रीज रोडचे घर त्यांच्या मालकीचे नव्हते. ते तेथे भाडेकरूच होते. पण तेथे राहून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचे काम केले. १९२३ साली तो ग्रंथरूपाने आला.

हे घर २०१४ मध्ये विक्रीस निघाले. ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांनी ती गोष्ट सरकारच्या नजरेस आणली. खरेदी झाली आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. खरी कथा त्यानंतरची आहे. तो भाग कॅम्डेन नगरपरिषदेच्या हद्दीत येतो. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर तिची परवानगी लागते. शेजाऱ्यांनी गर्दीची आणि गोंगाटाची तक्रार केली. राहण्याची जागा कमी होते या कारणाने परिषदेने २०१८ साली परवानगी नाकारली. मालक होतो आपण, पण वापर आपल्या हाती नव्हता. खोतीखालच्या कुळाची नेमकी उलटी स्थिती!

तथापि एक फरक नजरेआड करता येणार नाही. कॅम्डेनने घराच्या वापराबद्दल विचारले. आत कोण राहत होता, त्याची जात कोणती, हे विचारले नाही. नकाराची कारणे कागदावर लिहून दिली. त्यावर अपील करता आले, उघड चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी संग्रहालयाला परवानगी दिली. बडोद्याच्या त्या उतारूगृहाच्या दारात अपील करायला जागा नव्हती.

आता आंबडव्याच्या बाजूने येणारा प्रश्न. वाडीतल्या माणसाला पाण्याची आणि रस्त्याची गरज असताना लंडनमधल्या विटांवर इतका पैसा का, असे काही लोक विचारतात. हा प्रश्न मी टाळणार नाही. मात्र लंडनचे घर आणि वाडीची गरज ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाच्या नावाने दुसरे बंद करू पाहणारा माणूस सहसा दोन्हीतले काहीच देत नाही. १९१८ च्या त्या निबंधाची कसोटी येथे लावली तर प्रश्न वेगळा उभा राहतो. जागा घेतली, तिच्याबरोबर भांडवल आणि श्रम किती घातले? दापोलीची किंवा मंडणगडची एखादी मुलगी अर्थशास्त्र शिकायला लंडनला गेली, तर त्या घरात तिला बसायला टेबल, वाचायला पुस्तके आणि अडचणीत पाठीशी उभा राहील असा कुणी माणूस मिळणार आहे काय? ती मुलगी त्या दारापर्यंत पोचावी यासाठी शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर सुटणार आहेत काय?