पोलिसाला पदवी कशासाठी? – एका विचाराची शंभर वर्षे

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना आपल्या समाजाने शिक्षणासाठी उभारलेली वसतिगृहे आणि दिलेल्या शिष्यवृत्त्या यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. या साहाय्याने शिकलेली मुले सनदी लेखापाल झाली, अभियंते झाली, वैद्य झाली. मात्र एखाद्या मुलाने वा मुलीने “मला पोलीस व्हायचे आहे” असे म्हटले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. ही शांतता का पसरते आणि ती योग्य आहे का, याचा शोध इतिहासाच्या आधारे घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या संकोचाची मुळे जुनी आहेत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने १८६१ चा पोलीस कायदा केला. त्यासमोर आदर्श होता तो आयर्लंडमधील सशस्त्र पोलीस दलाचा. जनतेची सेवा हा त्या रचनेचा हेतू नव्हता. राज्यसत्तेचे रक्षण हा होता. शिपायाकडून अपेक्षा होती ती धिप्पाड शरीराची आणि निमूट आज्ञापालनाची. पुढे १९०२-०३ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने चौकशी केली, तेव्हा त्या सरकारी आयोगालाही पोलीस दल अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी असल्याचे नमूद करावे लागले. आपल्या आजोबा-पणजोबांनी पोलिसांपासून चार हात दूर राहण्याची शिकवण दिली, ती या अनुभवातून.

पोस्टमनची शाळा

याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली या विद्यापीठाच्या गावी, वेगळा प्रयोग आकार घेत होता. ऑगस्ट व्हॉल्मर हे तेथील एक साधे पोस्टमन. शालेय शिक्षणही अपुरे राहिलेले. १९०५ मध्ये ते गावाचे पोलीसप्रमुख म्हणून निवडून आले. आपल्या शिक्षणातील उणीव त्यांनी लपविली नाही. उलट तिच्यामुळेच शिक्षणाचे मोल त्यांना अधिक जाणवले. १९०८ मध्ये त्यांनी आपल्या शिपायांसाठी शाळा सुरू केली व विद्यापीठातील प्राध्यापकांना तेथे शिकविण्यास पाचारण केले. १९१६ मध्ये विद्यापीठातच उन्हाळी अभ्यासक्रम सुरू झाला. कायदा आणि पुराव्याचे शास्त्र यांच्या जोडीने मानसशास्त्र व गुन्ह्यांची सामाजिक कारणे यांचाही अभ्यास पोलिसाने करावा, असा व्हॉल्मर यांचा आग्रह होता. आरोपीला मारझोड करून कबुलीजबाब घेण्यास त्यांचा सक्त विरोध होता. ज्याला बुद्धीने तपास करता येतो त्याला हात उचलावा लागत नाही, ही त्यामागील भूमिका.

१९१९ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रातून आवाहन करून त्यांनी महाविद्यालयीन तरुणांना दलात बोलावले. हे तरुण गस्त घालून विद्यापीठात शिकत. त्यांपैकी वॉल्टर गॉर्डन हे कृष्णवर्णीय तरुण होते. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांची नेमणूक ही सोपी गोष्ट नव्हती. पोलिसाची नोकरी करीत त्यांनी १९२२ मध्ये कायद्याची पदवी मिळविली आणि पुढे ते व्हर्जिन बेटांचे गव्हर्नर व नंतर न्यायाधीश झाले.

योगायोग असा, की त्याच १९१९ साली कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र त्यांनी बहुजनांच्या मुलांना दिले. या दोन थोरांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु श्रम आणि विद्या एकाच माणसात नांदू शकतात, हा विश्वास दोघांचाही होता.

पदवी मिळाली, पुढे काय?

बर्कलीचा प्रयोग पुढे देशभर गेला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने पोलिसांसाठी पदवी हे अंतिम उद्दिष्ट असावे असे सुचविले आणि सरकारी साहाय्याने शेकडो महाविद्यालयांत पोलीस अभ्यासक्रम निघाले. परंतु १९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने त्यांतील दोष उघड केले. अनेक ठिकाणी निवृत्त अधिकारी केवळ खात्यातील कार्यपद्धती शिकवीत होते. प्रशिक्षण केंद्रात शिकवायचे तेच महाविद्यालयात शिकवून पदवी दिली जात होती. विद्यार्थ्याला समाज समजतच नव्हता. शर्मन यांचे म्हणणे असे, की आधी व्यापक शिक्षण घेतलेल्या तरुणांनाच पोलीस दलात घ्यावे. कागदाची पदवी आणि मनाचे संस्कार यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडील वाटचाल

भारतात हा विचार ठळकपणे मांडला तो एका समाजशास्त्रज्ञाने. १९७१ मध्ये केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. माधव सदाशिव गोरे यांच्याकडे सोपविले. पोलीस प्रशिक्षणाच्या समितीवर पोलीस अधिकारी नव्हे, तर समाजकार्याचा अध्यापक अध्यक्ष असावा, ही गोष्टच अर्थपूर्ण होती. कवायत आणि कलमे यांबरोबरच पोलिसाची वृत्ती घडविली पाहिजे, त्याला मानवी वर्तनाचे ज्ञान दिले पाहिजे, यावर गोरे समितीने भर दिला.

त्याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरातील छळाला कंटाळून आलेल्या स्त्रीचे म्हणणे प्रथम ऐकून घेणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आतच बसू लागली. पुढे राज्य शासनाने हा उपक्रम आपलासा करून इतर जिल्ह्यांतही नेला. तक्रार घेऊन आलेला माणूस हा आधी दुःखी माणूस असतो, ही जाणीव त्यातून यंत्रणेत रुजू लागली.

समाजबांधवांना विनंती

महाराष्ट्रात आज शिपाईपदासाठी बारावी आणि उपनिरीक्षकपदासाठी पदवी आवश्यक आहे. पदवी कोणत्याही शाखेची चालते. पण वरील इतिहास सांगतो, की समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा वा समाजकार्य शिकलेला तरुण ठाण्यात काही वेगळे घेऊन जातो. या नोकरीत धकाधकी आहे, सणासुदीला घर नाही, मोहाचे प्रसंगही आहेत. ते नाकारून चालणार नाही. तथापि, सचोटीच्या घरांतील मुलांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवायची आणि मग पोलिसांत सचोटी नाही म्हणून खंत करायची, हे न्याय्य नव्हे.

म्हणून शिष्यवृत्ती देताना यापुढे एखादा अर्ज असा आला, तर त्याकडेही त्याच आपुलकीने पाहावे. आणि घरातील कोणी मुलगी “मला पोलीस व्हायचे आहे” असे म्हणाली, तर शांत न बसता तिला विचारावे – “बाळ, त्यासाठी काय शिकणार आहेस?”