निदण कुणी उपटायचं?

ही गोष्ट एखाद्या शेतकऱ्याला सांगितली तर तो आधी धन्याच्या अकलेबद्दलच शंका घेईल. धन्यानं शेतात चांगलं बी पेरलं. रात्री सगळे झोपले असताना वैरी आला आणि गव्हात निदण पेरून गेला. पीक ओंबीवर आलं तसं निदणही दिसू लागलं. गडी धावत आले, उपटून टाकू का म्हणाले. धनी नको म्हणाला. निदण उपटताना गहूही हाताला येईल, तेव्हा कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या; मग कापणाऱ्यांना सांगेन, आधी निदण वेचून जाळायला पेंढ्या बांधा आणि गहू कोठारात भरा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातली ही येशूची गोष्ट. निंदणी-खुरपणीवर ज्याचा हंगाम अवलंबून आहे, त्याला हा आळशाचा सल्ला वाटला तर नवल नाही.

पण या तणाची जात वेगळी आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला लोलियम टेम्युलेंटम म्हणतात. पश्चिम आशियात आणि भूमध्य समुद्राभोवती ते गव्हाच्या शेतात हजारो वर्षं वाढत आलं आहे. कोवळेपणी त्याचं पातं आणि गव्हाचं पातं यांत फरक करणं कठीण. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात राहणाऱ्या संत जेरोमनं मत्तयावर भाष्य लिहिताना नेमकं हेच नोंदवलं आहे : ओंबी येईपर्यंत ओळख पटत नाही. याच्या दाण्यांत बऱ्याचदा एक बुरशी असते. असे दाणे पिठात गेले तर भाकरी खाणाऱ्याला गरगरतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय लटपटतात. वैऱ्यानं रात्री येऊन ते पेरणं हीदेखील निव्वळ कल्पना नव्हे. दुसऱ्याचं पीक नासवण्यासाठी त्यात हे बी टाकलं तर काय करायचं, याचा विचार दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित सेल्सस करतो, आणि तो पुढे जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात जपला गेला. कायद्यात ज्याची दखल घ्यावी लागते ते कुठेतरी घडत असणारच.

पुढे शिष्यांनी विचारलं म्हणून येशूनं अर्थ उलगडला. पेरणारा मनुष्याचा पुत्र, शेत म्हणजे जग, चांगलं बी म्हणजे राज्याचे पुत्र, निदण म्हणजे दुष्टाचे, वैरी सैतान, कापणी म्हणजे युगाची समाप्ती, कापणारे देवदूत. सगळ्यांची ओळख झाली, फक्त एकाची सोडून. उपटू का म्हणून विचारणारे गडी कोण, हे त्या उलगड्यात येतच नाही. उपटू नका हा हुकूमही त्यात पुन्हा येत नाही. थॉमसच्या नावावरचं जे शुभवर्तमान 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलं, त्यात ही गोष्ट आटोपशीर रूपात आहे आणि उलगडा अजिबातच नाही. गोष्टीतली ही रिकामी जागा पुढच्या दीड हजारावर वर्षांत ज्यानं त्यानं आपापल्या परीनं भरली. बिशपांनी भरली, बादशहांनी भरली, ज्यांच्या पायाखाली चिता रचली जात होती त्यांनीही भरली.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमचा बिशप कॅलिस्टस यानं ही गोष्ट दयेसाठी वापरली. मोठं पाप केलेल्यालाही पश्चात्तापानंतर मंडळीत परत घ्यावं, असं त्याचं म्हणणं. नोहाच्या तारवात शुद्ध-अशुद्ध दोन्ही प्राणी होते, तसं गव्हात निदण असू द्या. हे आपल्याला कळतं ते त्याचा कट्टर विरोधक हिप्पोलिटस याच्या तक्रारीतून, आणि त्याच्या मते हा शुद्ध ढिलेपणा होता. दोन बाजू तेव्हाच पडल्या, पण भांडण अजून घरातलं होतं. राज्यसत्ता त्यात नव्हती.

ती आली उत्तर आफ्रिकेत. 303 साली डायोक्लेशियन बादशहाच्या छळात काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ सरकारी माणसांच्या हवाली केले. छळ संपला, तसा प्रश्न उभा राहिला : अशाच्या हातून अभिषेक झालेला बिशप खरा म्हणायचा का? नाही म्हणणारे वेगळे झाले. त्यांचा पुढारी डोनाटस, म्हणून ते डोनाटिस्ट. मंडळी निर्मळ हवी, गद्दारांना तिच्यात जागा नाही, हा त्यांचा बाणा. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचं उत्तर निदणाच्या दाखल्यातून आलं : मंडळी हे सरमिसळीचं शेत आहे, निवड कापणीला होईल, तुम्ही आधीच वेगळे कसे होता?

जून 411 मध्ये होनोरियस बादशहाच्या हुकमानं कार्थेजमध्ये दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. प्रत्येक बाजूचे पावणेतीनशेच्या आसपास बिशप, अध्यक्ष शाही अधिकारी मार्सेलिनस, आणि शब्द न् शब्द टिपणारे लघुलेखक. दुष्टांबरोबर बसायचं नाही म्हणून डोनाटिस्ट उभेच राहिले, तेव्हा मार्सेलिनसही उभा राहिला. या सभेत वाद घसरत घसरत त्या शेतावर आला. डोनाटिस्टांचा मुद्दा साधा होता आणि मजकुराला धरून होता : येशूनं स्वतःच सांगितलं आहे, शेत म्हणजे जग. जगात गहू-निदण एकत्र वाढू दे, मंडळीत का? ऑगस्टीनच्या बाजूनं प्रतिवाद असा की इथे जग म्हणजे जगभर पसरलेली मंडळी. मला विचाराल तर मजकूर डोनाटिस्टांच्या बाजूला होता आणि माणसांची पारख ऑगस्टीनच्या. निकाल अर्थातच डोनाटिस्टांच्या विरोधात गेला. पुढच्या वर्षी हुकूम निघाला : मंडळीत परत न येणाऱ्याला त्याच्या दर्जाप्रमाणे दंड.

इथे कोड्याचा खरा पीळ आहे. सगळ्यांना सामावून घेणारं शेत मागणारा ऑगस्टीन बादशहाच्या काठीपाशी कसा आला? सुरुवातीला त्याला जबरदस्ती नामंजूर होती, हे तो स्वतःच 408च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात सांगतो. मत बदललं ते डोळ्यांदेखतच्या उदाहरणांनी. त्याचं जन्मगाव थागास्ते एकेकाळी पूर्ण डोनाटिस्ट होतं. शाही कायद्यांच्या धाकानं ते पालटलं आणि आता माणसं समाधानी आहेत, असं त्याला दिसलं. त्याआधीच्या, साधारण 400 सालच्या एका ग्रंथात त्यानं आणखी एक दार किलकिलं करून ठेवलं होतं. धन्यानं मनाई का केली? गहू उपटला जाईल म्हणून. मग जिथे निदण लख्ख ओळखू येतं आणि गव्हाला धोका नाही, तिथे शिस्तीनं झोपून राहायचं कारण नाही. कारण सांगितलं होतं धन्यानं. ऑगस्टीननं त्याची अट केली. तरीही डोनाटिस्टांना देहान्त देऊ नका, अशी विनवणी तो अधिकाऱ्यांना शेवटपर्यंत करत राहिला, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. डोनाटिस्टांनाही फार धुतल्या तांदळाचं समजायला नको : बादशहाचा मंडळीशी संबंध काय असा सवाल डोनाटसच्या नावावर आहे खरा, पण कॉन्स्टंटाईनकडे आधी दाद मागायला गेले ते हेच लोक.

पूर्वेकडे अँटिऑकमध्ये जॉन क्रिसॉस्टमनं वेगळा तोडगा काढला होता. पाखंड्याला मारू नका, मारलं तर उद्या गहू होऊ शकणारा माणूस तुम्ही तोडलात. पण त्याचं तोंड बंद करा, त्याच्या सभा मोडा. पुढची कित्येक शतकं सौम्य म्हणवणाऱ्यांची मजल साधारण इथपर्यंतच राहिली.

त्या मजलेच्या पलीकडे गेलेला माणूस म्हणजे लिएजचा बिशप वाझो. 1040च्या दशकात शालोंच्या बिशपानं त्याला पत्र लिहून विचारलं : माझ्या मुलखात काही खेडूत लग्नाला नकार देतात, मांस खात नाहीत, त्यांचं करू काय? तलवारीच्या हवाली करू? वाझोनं उत्तरात निदणाचा दाखला ठेवला. आज जो निदण दिसतो तो उद्या गहू होईल. ख्रिस्तींचा छळ करणारा शौल पुढे पौल झाला की नाही? आणि आम्हा बिशपांना अभिषेकाच्या वेळी तलवार मिळत नाही, अभिषेक होतो तो जीवन देण्यासाठी. त्यांना मंडळीबाहेर काढा, लोकांना सावध करा, एवढंच तो सुचवतो. हे पत्र ज्या इतिवृत्तात टिकलं, त्याचा लेखक अन्सेल्म पुढे सांगतो की लोक त्या काळी नुसत्या फिकुटलेल्या चेहऱ्यावरून पाखंडी ओळखत आणि त्यात कित्येक भाविक मारले गेले. जर्मनीत गोस्लारला 1051मध्ये काहींना फाशी दिली गेली. तिथली कसोटी होती कोंबडी मारून दाखवण्याची. त्यांनी नकार दिला. वाझो हयात असता तर त्यानं हे होऊ दिलं नसतं, असं अन्सेल्म हळहळून लिहितो. निदण उपटताना गहू उपटला जातो, हे धन्याचं म्हणणं इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कुठल्या कागदावर उतरल्याचं मला आठवत नाही.

पण पुढची वाट वाझोची नव्हती. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनसनं ऑगस्टीनची ती अट उचलली आणि हट्टी पाखंड्याला देहान्ताच्या शिक्षेचा रस्ता मोकळा ठेवला : गव्हाला इजा न होता निदण समूळ काढता येत असेल तर ते धन्याच्या हुकमाविरुद्ध नाही. आता गरज होती ती ओळख पटवणाऱ्या यंत्रणेची, आणि ती धर्मन्यायसभांच्या रूपानं मिळाली. गोव्यात तिचं कामकाज 1560 साली सुरू झालं आणि मध्ये काही वर्षं खंड पडून 1812पर्यंत चाललं; बाटलेल्यांपैकी चोरून जुने विधी कोण पाळतं, यावर तिची नजर विशेष होती.

शेतीशास्त्रात या प्रकाराला जोड आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यानं दाखवलं की माणूसच तणाला पिकासारखं बनवतो. हातानं निंदणी करणारा वेगळं दिसणारं रोप उपटतो, सारखं दिसणारं सुटतं. उफणणीत आणि चाळणीत जो दाणा गव्हाच्याच वजनाचा-आकाराचा तोच पुढच्या पेरणीला जातो. खुरपं जितकं बारीक चालेल तितकं तण पिकाच्या रूपात लपतं. न्यायसभेच्या धाकात वाढलेली माणसं हेच शिकली. वाव्हिलोवचं दुसरं निरीक्षण आणखी मजेशीर आहे : राय हे धान्य मुळात गव्हातलं तण होतं. थंड, उंचावरच्या मुलखात गहू तग धरेना तेव्हा तेच पीक ठरलं, आणि उत्तर युरोपची भाकरी त्याची झाली.

सोळाव्या शतकात दाखला पुन्हा आरोपीच्या बाजूनं उभा राहिला. 1524 साली बाल्थासार हुबमायरनं पाखंड्यांना जाळणाऱ्यांविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि निदणाची गोष्ट पुढे केली. 1528 साली त्याला व्हिएन्नात जाळलं. 1553मध्ये कॅल्विनच्या जिनिव्हात मिखाएल सर्व्हिटसला जाळलं, तेव्हा बाझेलमध्ये सेबास्टियन कास्टेलिओनं टोपणनावानं संकलन काढून विरोध केला. लूथरनंही तरुणपणी याच दाखल्यावरून पाखंड्यांना जाळण्याला विरोध केला होता. सत्ता जवळ आल्यावर सूर बदलला. यावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. सत्तेबाहेर असताना दाखला आठवणं आणि आत गेल्यावर विसरणं हा त्या शतकाचा शिरस्ताच होता.

खरी गाठ सुटली ती एका विक्षिप्त माणसाकडून. रॉजर विल्यम्सला मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं हद्दपार केलं आणि त्यानं 1636 साली प्रॉव्हिडन्स वसवलं. 1644 साली लंडनमध्ये त्यानं छळाच्या रक्तरंजित सिद्धान्ताविरुद्धचं पुस्तक छापलं, त्यात या दाखल्यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. बोस्टनचा धर्मोपदेशक जॉन कॉटन निदण म्हणजे मंडळीतले ढोंगी असं मानत होता. विल्यम्स म्हणाला, नाही. शेत म्हणजे जग. जगात मूर्तिपूजक, ज्यू, तुर्क, कुणीही वाढू दे. राजदंडानं त्यांच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. चोरी, हिंसा, शेजाऱ्याचं नुकसान याला न्यायाधीश आहे, पण ते निदणाचं प्रकरण नव्हे. कॅलिस्टसच्या वेळेपासून या दाखल्याला जो धोका चिकटला होता, म्हणजे सहनशीलतेच्या नावाखाली अन्यायाला आसरा देण्याचा, तो विल्यम्सनं असा दूर ठेवला.

गंमत अशी की हाच माणूस मंडळीच्या आत कमालीचा सोवळा होता. कुठलीच मंडळी त्याला पुरेशी निर्मळ वाटेना. म्हणजे कार्थेजमध्ये हरलेलं वाचन बाराशे वर्षांनी अटलांटिकपलीकडे उगवलं होतं. शुद्ध मंडळी हवी असणाऱ्यांनीच जगाला मोकळं सोडलं. सगळ्यांना आत घेऊ पाहणाऱ्यांनी काठी हातात घेतली. त्याच 1644 साली मिल्टननं छपाईवरील परवान्याविरुद्ध लिहिताना, गहू आणि निदण वेगळं करणं माणसाला शक्य नाही, ते देवदूतांचं काम आहे, असं बजावलं. मात्र कॅथलिकांना त्यानं त्या सवलतीतून वगळलं. विल्यम्सचं पुस्तक संसदेनं ऑगस्टमध्ये जाळायला लावलं. कॉटननं 1647 साली उत्तर छापलं, विल्यम्सनं त्यावर पुन्हा उत्तर दिलं.

रोमला या शेतात परतायला आणखी तीन शतकं लागली. 7 डिसेंबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला : बाजूनं 2308, विरोधात 70. त्याच्या 11व्या परिच्छेदात येशूच्या वागण्याची उदाहरणं देताना निदणाचा दाखला येतो. दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्यावं आणि कापणी म्हणजे जगाचा अंत, असं तिथे सरळ नमूद आहे. ऑगस्टीनची ती अट तिथे नाही.