दारापर्यंतची तार : महाराष्ट्रातील घरगुती ब्रॉडबँड आणि ग्राहकाच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

घरी इंटरनेटची जोडणी घ्यावयाची झाल्यास ती कोणत्या कंपनीची घ्यावी, हा प्रश्न आज मध्यमवर्गीय कुटुंबात सहजपणे विचारला जातो. वेग किती, मासिक शुल्क किती, तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी येतो, याविषयी शेजाऱ्यांचा व सहकाऱ्यांचा सल्ला घेतला जातो. प्राध्यापकांच्या स्टाफरूममध्ये तर हा विषय वेतन आयोगाच्या थकबाकीइतकाच आवडीने चर्चिला जातो. वरकरणी ही बाजारातील इतर निवडींसारखीच एक निवड वाटते. परंतु १९९५ पासूनचा इतिहास पाहता असे दिसून येते की, हा प्रश्न ग्राहकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचे उत्तर बहुतांशी ठरलेले असे. एक्स्चेंजपासून वा रस्त्यावरील खांबापासून घराच्या दारापर्यंत येणारी तार कोणाच्या मालकीची आहे, यावर ते अवलंबून होते.

आपल्याकडे दूरसंचाराचा इतिहास बहुधा परवाने, लिलाव व घोटाळे यांच्या अंगाने लिहिला जातो. दाराशी उभ्या असलेल्या ग्राहकाच्या बाजूने तो फारसा पाहिला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला असून मुंबई-पुण्यासारखी महानगरे आणि तालुक्याची ठिकाणे यांतील फरकाकडे लक्ष दिले आहे.

एकाधिकार आणि डायल-अप

विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तत्पूर्वी ‘अर्नेट’ या जाळ्याद्वारे काही शैक्षणिक व संशोधन संस्थांना ही सुविधा मिळत होती. परंतु ती घरात येत नव्हती. आरंभीच्या काळात व्यक्तिगत ग्राहकास २५० तासांसाठी सुमारे ५,००० रुपये मोजावे लागत आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट इतका असे. या काळात सेवादाता निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण सेवादाता एकच होता. त्या वेळचे ई-मेल पत्तेदेखील याची साक्ष देतात. मुंबई-पुण्यातील अनेक संस्थांच्या छापील पत्रशीर्षावर विदेश संचार निगमचा पत्ता असे आणि त्यात शहराचे संक्षिप्त नाव गुंफलेले असे. सेवा सोडली की पत्ताही सोडावा लागे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट सेवेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. परवान्यांच्या संख्येवर मर्यादा ठेवण्यात आली नाही आणि परवाना शुल्कही नाममात्र ठेवण्यात आले. संपूर्ण देश, दूरसंचार परिमंडळ व जिल्ह्याएवढे लहान क्षेत्र असे परवान्यांचे तीन वर्ग करण्यात आले. ‘सत्यम इन्फोवे’ ही पहिली खासगी कंपनी त्याच वर्षी बाजारात उतरली. यानंतरच्या पाच-सहा वर्षांकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे, असे मला वाटते.

डायल-अप जोडणीत मोडेम टेलिफोनच्या तारेवरून सेवादात्याचा क्रमांक फिरवीत असे. तार दूरसंचार खात्याची, महानगर टेलिफोन निगमची किंवा १ ऑक्टोबर २००० पासून अस्तित्वात आलेल्या भारत संचार निगमची असे. परंतु क्रमांक कोणाचा फिरवावयाचा, हे ग्राहक ठरवीत असे. दुकानातून ठरावीक तासांचे पाकीट विकत आणावे, संपले की दुसऱ्या कंपनीचे आणावे. त्यासाठी लाइनमन घरी यावा लागत नसे, भिंतीला भोक पाडावे लागत नसे आणि टेलिफोन क्रमांकही बदलावा लागत नसे. वेग अत्यल्प होता. जोडणी चालू असेपर्यंत टेलिफोन अडकून राही व त्याचे बिल निराळे येई. खासगी सेवादात्यांची केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत होती, हेही नमूद केले पाहिजे. तथापि, तार एकाची व सेवा दुसऱ्याची ही व्यवस्था घरगुती ग्राहकास त्या मंदगती काळातच लाभली. वेगाचे युग सुरू झाले तेव्हा ती लोप पावली.

२००४ चा निर्णय

ब्रॉडबँडच्या ‘डीएसएल’ तंत्रात तीच तांब्याची तार वापरली जाते, परंतु तिचे दुसरे टोक एक्स्चेंजमधील विशिष्ट यंत्रसामग्रीला जोडावे लागते. एकाच तारेवर बोलणे व इंटरनेट दोन्ही चालावेत म्हणून घरात स्प्लिटर नावाची छोटी डबी बसवितात. एक्स्चेंजमध्ये ज्याचे यंत्र त्याचीच सेवा, असा हा मामला असल्याने क्रमांक बदलून सेवादाता बदलण्याची सोय येथे नव्हती. अन्य कंपन्यांना एक्स्चेंजमध्ये आपली यंत्रे बसवू द्यावीत व तार भाड्याने द्यावी, हाच त्यावरील मार्ग होता. ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमची तार अशा रीतीने इतरांना खुली करण्यात आली आणि २००६ मध्ये ‘ओपनरीच’ हा स्वतंत्र विभाग त्यासाठी स्थापन झाला.

भारतातही हा विचार झाला होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २००४ मधील शिफारशींत सरकारी कंपन्यांच्या तारा इतर सेवादात्यांना उपलब्ध करून द्याव्यात, असे सुचविले होते. मात्र १४ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणात ही शिफारस सक्तीची करण्यात आली नाही. तारेच्या मालकांनी इच्छा असल्यास इतरांशी व्यापारी करार करावेत, एवढेच सांगण्यात आले. ज्याच्याकडे तार आहे, त्याला प्रतिस्पर्ध्याशी करार करण्याची इच्छा का व्हावी, याचा उलगडा धोरणात होत नाही.

या निर्णयाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. भारत संचार निगमने ही तार सार्वजनिक पैशातून, तोटा सोसून, दूरच्या गावांपर्यंत नेली होती. तारा खुल्या केल्या असत्या तर खासगी कंपन्यांनी कोथरूड-विलेपार्ल्यातील ग्राहक घेतले असते आणि आटपाडी-मोखाड्यातील तारा सांभाळण्याचे काम सरकारी कंपनीकडेच राहिले असते. ही भीती निराधार नव्हती. पण त्यावर तारेचे वाजवी भाडे ठरवून देणे हा उपाय होता. तसे न करता दार बंद ठेवल्याने ना ग्राहकाला पर्याय मिळाला, ना तार सांभाळण्यासाठी पैसा उभा राहिला.

धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरविली आणि २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात २०१० अखेर ही संख्या सुमारे १ कोटी १० लाख, म्हणजे लक्ष्याच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. २००५ च्या आरंभी भारत संचार निगमने ‘डेटावन’ व महानगर टेलिफोन निगमने ‘ट्रायबँड’ या नावांनी सेवा सुरू केल्या. ठाण्याच्या ग्राहकाला महानगर टेलिफोन निगम आणि कल्याणच्या ग्राहकाला भारत संचार निगम, ही विभागणी टेलिफोनच्या जुन्या हद्दींवरून आलेली होती. दोघांपैकी कोणालाही ती निवडण्याचा प्रसंग आला नाही.

डेटावनच्या २५० रुपयांच्या योजनेत महिन्याला अवघे ४०० मेगाबाइट मिळत आणि पुढील प्रत्येक मेगाबाइटला वेगळा आकार पडे. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ ही वेळ अमर्याद वापरासाठी खुली असे. त्यामुळे गजर लावून पहाटे उठणारी आणि संगणकाला काम लावून पुन्हा झोपणारी एक पिढी तयार झाली. एम.फिल.-पीएच.डी.च्या कित्येक विद्यार्थ्यांनी आपले संदर्भसाहित्य याच वेळेत उतरवून घेतले आहे. निवड करण्याजोगे जे काही होते ते योजनांमध्ये होते, कंपन्यांमध्ये नव्हते.

केबलवाला : अनौपचारिक पर्याय

मुंबई-पुण्यात या बंद दाराला एक खिडकी होती व ती गच्चीवर होती. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या घरोघर पोहोचविणाऱ्या केबलचालकांनी इमारतींवरून इमारतींवर तारा टाकल्या होत्या. हॅथवे, सिफी यांसारख्या कंपन्यांनी दारापर्यंत जाण्यासाठी याच केबलचालकांची साथ घेतली. त्यामुळे टेलिफोनच्या तारेला पर्याय निर्माण झाला खरा. परंतु केबलचालकांनी वस्त्या व गल्ल्या आपसांत वाटून घेतलेल्या होत्या. एका गल्लीत जो केबलवाला, त्याच्याशी ज्या कंपनीचा करार, तीच त्या गल्लीची कंपनी. ग्राहक कंपनीचे नाव सांगे, पण बिल घेण्यास, तार जोडण्यास व तक्रार ऐकण्यास येणारा मुलगा केबलवाल्याचाच असे. पावसाळ्यात गच्चीवरील स्विच विजेने जळाला की कंपनी केबलवाल्याकडे बोट दाखवी आणि केबलवाला कंपनीकडे.

हा अनौपचारिक मध्यस्थ अनेकदा उपहासाचा विषय झाला आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या टप्प्यात गुंतवणूक करण्यास मोठ्या कंपन्या धजत नव्हत्या, तो त्याने स्वतःच्या शिडीवर चढून पूर्ण केला. पुढे भारत संचार निगमनेही घरापर्यंत फायबर नेण्यासाठी स्थानिक केबलचालकांशी महसूल-वाटणीचे करार केले. ज्या संस्थेने २००४ मध्ये आपली तार इतरांना देण्याचे टाळले, तिलाच इतरांच्या तारेचा आधार घ्यावा लागला.

तालुक्याच्या ठिकाणी हा पर्याय बराच उशिरा आला. तेथे प्रश्न होता तो अंतराचा. तांब्याच्या तारेवरील संकेत एक्स्चेंजपासून जसजसे दूर जावे तसतसे क्षीण होतात व चार-पाच किलोमीटरनंतर सेवा देणे कठीण होते. गावाबाहेर माळावर वसविलेली महाविद्यालये आणि त्यांच्या आसपास घरे बांधणारे प्राध्यापक यांना हा अनुभव आला असेल. नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत मागणी केल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत जोडणी देण्याचा निकष होता. तथापि त्याला ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्यास’ अशी जोड होती. या तीन शब्दांच्या आड किती अर्ज पडून राहिले असतील, याची नोंद त्या निकषाच्या पालनाच्या आकड्यांत सापडणे शक्य नाही. कारण तांत्रिकदृष्ट्या अशक्य ठरलेला अर्ज त्या निकषाच्या कक्षेतच येत नव्हता.

क्रमांकाचे बंधनही होते. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. घरच्या टेलिफोनला ती मिळाली नाही. लग्नपत्रिकेपासून बँकेच्या पासबुकापर्यंत सर्वत्र नोंदलेला क्रमांक सोडावयाचा, या विचारानेच अनेक कुटुंबे जुन्या सेवेला चिकटून राहिली.

फायबरनंतर

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची मोबाइल सेवा सुरू झाली. त्यानंतर डेटा स्वस्त झाला व तार हवीच कशाला, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा देशातील तारेवरील ब्रॉडबँड ग्राहक जेमतेम २ कोटींच्या आसपास होते. मोबाइलवरील ग्राहक ६५ कोटींहून अधिक होते. ऑनलाइन अध्यापनाच्या त्या महिन्यांत ज्यांच्या घरी तार होती ते शिकवू शकले. ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्यापैकी अनेकांनी गच्चीवर, शेताच्या बांधावर किंवा टॉवर दिसेल अशा वळणावर उभे राहून तास घेतले. विद्यार्थ्यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. शिक्षकाच्या वा विद्यार्थ्याच्या परिश्रमांशी या फरकाचा संबंध नव्हता. तो फरक घरापर्यंत पंधरा-सोळा वर्षांत तार आली की नाही, याचा होता.

महानगरांत व वाढत्या शहरांत आता तारा पुष्कळ आहेत. पण त्या इमारतीच्या फाटकापर्यंत. २०१६ च्या मार्गहक्क नियमांचा रोख सार्वजनिक जागांवर होता. इमारतीच्या आत कोणाची तार येईल, हे बांधकाम व्यावसायिक वा सोसायटीच ठरवीत राहिली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात खासगी जागेवरील मार्गहक्काची तरतूद करण्यात आली आहे. प्रस्तुत लेखक राहतो त्या इमारतीत ताबा मिळण्यापूर्वीच एका कंपनीची तार आतील नळीतून टाकलेली होती व त्या नळीत दुसऱ्या तारेस जागा नाही, असे रहिवाशांना सांगण्यात आले. सेवा आठवड्यातून दोनदा बंद पडते. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीने गच्चीवरून तार आणण्याची परवानगी सोसायटीकडे मागितली. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय पाण्याच्या टाकीच्या गळतीनंतर घेण्याचे ठरले, आणि गळतीवरील चर्चा संपेपर्यंत गणपूर्ती उरली नाही.