यंत्राशेजारची माणसं

मामांच्या डायलिसिसला सोबत म्हणून मी जायचो. मांडीवर लॅपटॉप, कानात मीटिंग. एकदा यंत्राचा अलार्म थांबेना, तेव्हा सिस्टरवर खेकसलोही होतो. त्यांच्याकडे तेव्हा चार यंत्रं होती.

पुढच्या आठवड्यात शेजारचा बेड रिकामा दिसला. तिथले काका आदल्या रात्री गेले होते. "चार वर्षं यायचे," एवढंच सिस्टर म्हणाल्या. नवी चादर घातली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या रात्री मी या यंत्राचा इतिहास वाचत बसलो.

जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये १९४३ साली विलेम कोल्फ या डॉक्टरनं सेलोफेनची नळी फिरत्या ड्रमभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. आधीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची बाई वाचली. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे हे उपचार फार दिवस चालवता येत नसत. १९६० साली सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरनी रुग्णाच्या हाताला टेफ्लॉनची नळी कायमची बसवली आणि डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं.

१९६२ साली तिथं केंद्र निघालं. यंत्रं मोजकी, रुग्ण फार. कोणाला जगवायचं हे सात जणांची समिती ठरवायची. त्यात वकील होता, धर्मगुरू होता, गृहिणीही होती. 'लाइफ' मासिकानं त्यावर लिहिलं आणि जगभर चर्चा झाली. १९७२ साली अमेरिकी सरकारनं खर्च उचलायचा कायदा केला, तशी या समितीची गरज संपली.

इतिहासात त्या सात जणांवरचं ओझं नोंदलं गेलं. पण ते निर्णय घेऊन घरी जात. त्यांनी निवडलेला माणूस पुढं वर्षानुवर्षं नर्सच्या समोर येई. इतर वॉर्डांत पेशंट बरा होऊन जातो. इथं मूत्रपिंड बदलेपर्यंत तो परत येतच राहतो. त्याच्या मुलीचं लग्न कधी आहे, पाणी किती प्यायलाय, सगळं सिस्टरला ठाऊक असतं. मग एक दिवस तो येत नाही.

धोका जिवाचाही होता. एडिंबऱ्यातल्या मूत्रपिंड विभागात १९६९-७० साली काविळीची साथ आली, तेव्हा रुग्णांबरोबर चार कर्मचारीही गेले. हेपटायटिस-बीची लस आली ती १९८० नंतर.

आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला, तर दुसऱ्या दिवशी बैठक होते. कुणाला दोष न देता काय घडलं ते लिहून काढतात. खोटे अलार्म कमी करणं हे तर आमचं कामच. सिस्टरना काका गेल्यावर चादर बदलण्याएवढाच वेळ मिळाला होता.

पुढच्या वेळी मी लॅपटॉप घरी ठेवला. आधी त्या दिवशीच्या खेकसण्याची माफी मागितली, मग काकांबद्दल विचारलं. मामांना सुई लावता लावता सिस्टर म्हणाल्या, "संक्रांतीला सगळ्या स्टाफला तिळगूळ आणायचे. स्वतःला खायची बंदी, तरी आणायचे."

तेवढ्यात पलीकडं अलार्म वाजला.