लॉरेन्सचे वाळवंट आणि कुटचे मराठे

डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ 1962 साली पडद्यावर आला आणि सात ऑस्कर घेऊन गेला. त्यात एकट्या मागे राहिलेल्या गासिमला आणण्यासाठी लॉरेन्स पेटत्या वाळवंटात परत फिरतो. हा गासिम साकारला होता हिंदी चित्रपटसृष्टीतील आय. एस. जोहर यांनी. मात्र त्या युद्धातील खरा हिंदी शिपाई या भव्य पटात जवळजवळ दिसतच नाही.

वास्तविक तो तेथे हजारोंच्या संख्येने होता. दमास्कसच्या दिशेने निघालेल्या ॲलनबीच्या घोडदळात हिंदी रिसाल्यांचा मोठा भरणा होता. कन्नड तालुका त्या काळी ज्या निजामी राज्यात मोडत असे, त्याचे हैदराबाद लान्सर्सही सुएझ आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातील एक मूर्ती त्यांची आहे.

लॉरेन्स आणि मराठी शिपाई यांच्या वाटा मात्र एकदाच खऱ्या अर्थाने जवळ आल्या. ते ठिकाण होते मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील कुट. चित्रपटाची मुख्य कथा सुरू होते ती या प्रसंगानंतर.

जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदाद घेण्याच्या हव्यासापायी हे सैन्य रसद आणि वाहतुकीची पुरती सोय नसताना पुढे रेटले गेले. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोन येथे त्याची जबर हानी झाली. माघार घेत ते कुटला आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांच्या वेढ्यात सापडले.

वाळवंट म्हटले की वाळूच डोळ्यांपुढे येते. कुटचे वाळवंट चिखलाचे होते. तिन्ही बाजूंनी टायग्रिस, आणि पुराने भरलेले खंदक. सुटकेसाठी आलेल्या फौजेने सुमारे 23,000 माणसे गमावली, तरी वेढा फुटला नाही. आत दाणागोटा संपत आला. घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली, पण बहुसंख्य हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवण्यात आली. तरीही गावी परतल्यावर जातीत कोण घेणार, ही धास्ती कागदावरच्या संमतीने जाणारी नव्हती. स्कर्व्हीने माणसे खंगत गेली. अखेर एप्रिलमध्ये भुकेपुढे अनेकांचा निग्रह मोडला. विमानांतून धान्याची पोती टाकण्याचा प्रयोगही झाला. त्यांतली काही नदीत, तर काही शत्रूच्या हद्दीत पडली.

याच सुमारास कैरोहून कॅप्टन टी. ई. लॉरेन्स आले. तुर्की सेनापतीला पैसे देऊन वेढलेल्या सैन्याची सुटका साधावी, अशी ती मसलत होती. देऊ केलेली रक्कम 10 लाख पौंडांवरून 20 लाखांवर गेली. तुर्कांनी ती धुडकावली. 29 एप्रिल 1916 रोजी, 147 दिवसांच्या वेढ्यानंतर, टाउनशेंड शरण गेले. त्याच दिवशी लॉरेन्स खलील पाशाला भेटले, पण काही आजारी व जखमी सैनिकांच्या सुटकेपलीकडे मागण्यासारखे फारसे उरले नव्हते.

सुमारे 13,000 लोक कैद झाले. टाउनशेंड यांची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, बऱ्यापैकी ऐषआरामात झाली. शिपायांना उन्हातून बगदाद, मोसूल अशी शेकडो मैलांची पायपीट करावी लागली. पुष्कळ हिंदी कैद्यांना रास अल्-ऐन परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. कितीतरी जण परतले नाहीत.

103 वी पलटण आजही भारतीय सेनेत आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजेच ‘जंगी पलटण’, ती हीच. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या 40,000 हून अधिक सैनिकांचे स्मारक ब्रिटिशांनी बसरा येथे उभारले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि एक आकडा आला.