तलंग, खुडूक आणि इंग्लिश अंडं

पहिलं अंडं यायच्या आठ-पंधरा दिवस आधीच तलंग घर डोक्यावर घेते. कालपर्यंत भावंडांबरोबर उकिरडा उकरणारी पोरसवदा कोंबडी एकाएकी घशातल्या घशात कुरकुरत माजघरात शिरते, कणगीमागे डोकावते, खाटेखाली बसून पाहते, गोधड्यांच्या वळकटीवर पाय रोवते. फिका गुलाबी तुरा लालबुंद होतो. पाठीवर हात ठेवला तर पळत नाही, पंख जरा पसरून जागच्या जागी दबते. ही लक्षणं ओळखणारी बाई मग कोपऱ्यात जुनी टोपली मांडते, तळाला भाताचा पेंढा घालते आणि दुसऱ्या कोंबडीचं एक अंडं त्यात ठेवून देते, जागा दाखवायला. जागा पसंत पडली तर बरं. नाही पडली तर पहिली चार अंडी शेजारच्या गवताच्या उडवीत निघतात, आणि ती नेमकी कोणाच्या कोंबडीची यावर दोन घरं पावसाळाभर बोलत नाहीत.

अंड्यावर यायच्या बेतातली ती तलंग. अंड्यांचा एक डाव घालून झाला, अंग गरम झालं, टोपलीतून उठेना, हात लावला की फिस्कारते, ती खुडूक. शहरी मराठीत पहिला शब्द जवळजवळ पुसला गेला आहे आणि दुसरा बसून राहणाऱ्या माणसाच्या थट्टेपुरता उरला आहे. परसातल्या कोंबडीचं सगळं अर्थकारण मात्र या दोन शब्दांच्या मधल्या दिवसांत मावत असे.

कोंबडी माणसाच्या अंगणात आली कुठून? सिंधू संस्कृतीतून, असं उत्तर बरीच वर्षं दिलं गेलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते बदललं. पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. संशोधकांनी त्याचा संबंध भाताच्या आणि भरडधान्यांच्या शेतीशी जोडला: दाणे सांडले, लाल रानकोंबडा झाडावरून खाली आला आणि परत गेला नाही. ज्याच्या अंगणात भात झोडपला जातो त्याला हे फारसं नवल वाटणार नाही.

सगळ्या कोंबड्यांचा मूळपुरुष हा एकटा लाल रानकोंबडा, असं डार्विन सांगून गेला होता. तो थोडा चुकला. पाळीव कोंबड्यांच्या कित्येक जातींची कातडी नि पाय पिवळे असतात, आणि तो पिवळेपणा आणणारा जनुक लाल रानकोंबड्याचा नाही, राखी रानकोंबड्याचा आहे, असं २००८ साली स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांच्या पुढाकाराने दाखवलं गेलं. हा राखी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीच्या झाडीत पहाटे अडखळत ओरडणारा आपलाच पक्षी. त्याच्या मानेवरच्या, मेणाचे थेंब सुकल्यासारख्या पिवळसर ठिपक्यांच्या पिसांना विलायतेत मोठी मागणी होती. मासे धरायच्या गळांवर खोट्या माश्या बांधायला ती लागत. त्याच्याशी केव्हातरी जमलेल्या सोयरिकीची खूण आज जगभरच्या खुराड्यांत पायांवर दिसते.

रानातली कोंबडी वर्षाला अंडी घालते दहा-पंधरा. गावरान कोंबडी पन्नास-साठ. हा फरक माणसाने हजारो वर्षांत घडवला, पण वेळापत्रक रानाचंच राहिलं. तलंग सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, एकवीस दिवस उबवते, पुढे दोन-तीन महिने पिलं वागवते आणि मग नव्याने सुरुवात करते. वर्षाला असे तीन-चार डाव.

म्हणून अंडं हे रोजच्या खाण्याचं जिन्नस नव्हतंच. ते बियाणं होतं. निम्मी अंडी उबवायला, काही बाजाराला, आणि घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असली तर एखाद-दुसरं तिच्यासाठी. कोंबडी कापायची ती पाहुणा आला, जत्रा आली किंवा देवाचा मान द्यायचा असला तर. तळकोकणात गावाच्या राखणदार देवाला कोंबडा अजून दिला जातो. एरवी डालग्याखालची चार पाखरं ही घरातल्या बाईची मिळकत. आठवड्याच्या बाजारात अंडी विकून आलेल्या पैशांचा हिशेब नवऱ्याला द्यावा लागत नसे, निदान जमीनजुमल्याइतका तरी नाही. जिच्याकडे कोंबडी नव्हती ती दुसरीची तलंग निम्म्या वाट्यानं वागवायला घेई: पिलं मोठी झाली की अर्धी तिची, अर्धी हिची. कागद नाही, व्याज नाही. घार, मुंगूस आणि मांजर यांनी नेलेल्या पिलांचा तोटा दोघींच्या वाट्याला सारखाच.

खुडूक कोंबडीला रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसवणं ही त्यातली खरी कारागिरी. अंडी ताजी हवीत, उन्हाळ्यात तर आठवड्याच्या आतली. एका कोंबडीखाली मावतील तेवढीच, बारा-तेरा. उजेडासमोर धरून पाहायचं, पोकळ वाटेल ते बाजूला काढायचं, ठेवलेल्यांवर कोळशाची रेघ ओढायची. म्हणजे दुसरी कोंबडी येऊन मध्येच ताजं अंडं घालून गेली तर ते ओळखता येतं. आणि पिलं नको असतील तेव्हा खुडूक मोडायचे उपायही होते. कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढत. तिचंच पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालत, ती दिवसभर ते काढायच्या नादात उबवणं विसरे. क्रूर प्रकार खरा.

कोंबडी पाळण्यात जातीचा भाग होताच. मनुस्मृतीने गावातला कोंबडा द्विजांना वर्ज्य ठरवला होता. पांढरपेशा वाड्यांच्या अंगणात गाय असे, कोंबडी नसे. गावात खुराडं कुठल्या वस्तीत आहे यावरून ती वस्ती कोणाची हे कळे. इंग्रज आले आणि याच वस्त्यांमधल्या कोंबड्यांना गिऱ्हाईक मिळालं, पण सुखाचं नव्हे. दौऱ्यावरच्या साहेबाच्या तळाला आणि डाक बंगल्याला कोंबडी-अंडी लागत आणि ती गावातून गोळा होत, पैसे मिळोत न मिळोत. प्रवाशाची गाडी दिसली की खानसामा कोंबडीमागे धावायचा, आणि तासाभरात तीच ताटात यायची. डाक बंगल्यातल्या या चिवट मुर्गीची चेष्टा इंग्रजांच्या प्रवासवर्णनांत पुन्हा पुन्हा येते.

साहेबाबरोबर त्याची कोंबडीही आली. लेगहॉर्न हे नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून पडलेलं. तिथून ती अमेरिकेत गेली आणि अमेरिकेतून जगभर. पांढरीशुभ्र, चपळ, आणि मुख्य म्हणजे खुडूक न होणारी. उबवायला बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून जी कमी बसते तिचीच पिलं ठेवायची, असं पिढ्यान् पिढ्या करत माणसाने तिच्यातलं आईपण जवळजवळ काढून टाकलं. उबवायचं काम यंत्राकडे गेलं. साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब, दमट हवा, अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची. अठरा दिवस एका कपाटात, शेवटचे तीन दुसऱ्यात. एकवीस दिवस तेवढे कोणाला कमी करता आले नाहीत.

याच सुमारास रोगानेही प्रवास केला. १९२६ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलला आणि पाठोपाठ कुमाऊंतल्या राणीखेतला कोंबड्यांची एक साथ नोंदली गेली. आपल्याकडे तिला राणीखेत म्हणतात. मान वाकडी होते, पीळ पडतो, पाखरू गरगरतं आणि मरतं. मराठी माणसाने तिला नाव दिलं मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही मानमोडीच म्हणत, तेव्हा हे नाव किती धास्तीने ठेवलं असेल ते कळावं. लस यायच्या आधी एका आठवड्यात आळीच्या आळीतली खुराडी रिकामी होत.

अंडं खावं की नाही, ही शाकाहारी घरांची अडचण वेगळ्याच बाजूने सुटली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, १९४२ साली, गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिलू निघत नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याने अशा अंड्याला हरकत घेऊ नये, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. पुढे पोल्ट्रीत नेमकं हेच झालं. अंड्यांच्या शेडमध्ये कोंबडा ठेवतच नाहीत.

त्याच पुण्यात बी. व्ही. राव यांचा व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग वाढला. त्याची सुरुवात १९७१ ची. व्यापारी भाव पाडतात म्हणून अंडीवाल्यांची राष्ट्रीय समन्वय समिती त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये उभी राहिली आणि अंड्याचा भाव उत्पादकच जाहीर करू लागले. पिंजऱ्यातली कोंबडी अठरा-वीस आठवड्यांत अंड्यावर येते, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, पिवळा बल्ब तिला सोळा तासांचा दिवस दाखवतो. तिच्या पहिल्या अंड्याची कोणी वाट पाहत नाही. ते तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं. अंडं गरिबाच्या ताटात आलं ते या तक्त्यामुळे, हे गावरानच्या भक्तांनी विसरू नये.

गावाने या पांढऱ्या अंड्याला ‘इंग्लिश’ म्हटलं आणि आपल्याला ‘गावठी’. गंमत अशी की गावठी म्हणून शहरात दुप्पट भावाने घेतलं जाणारं तपकिरी अंडं पुष्कळदा पिंजऱ्यातल्याच दुसऱ्या जातीचं असतं. कवचाचा रंग कोंबडीची जात सांगतो. ती कुठे फिरली ते सांगत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. रोग पोल्ट्रीत निघाला, पण ठरवलेल्या टापूत घरोघर जाऊन परसातली पाखरंही मारली गेली. बाईच्या डालग्यातली चार पाखरं सरकारी हिशेबात त्या दिवशी प्रथमच आली असतील.

तरी परसातली कोंबडी संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींच्या वर कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले निघाले, म्हणजे २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. पोल्ट्रीतल्या पक्ष्यांची वाढ त्या सात वर्षांत साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. या वाढीत हैदराबादच्या संशोधकांची वनराजा आहे, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आहे. दिसायला रंगीबेरंगी, गावरानसारख्या. अंडी दुपटीहून जास्त.

त्यांच्यात एक उणीव आहे: त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून गिरिराजा पाळणारी बाई खुराड्यात एक तरी गावरान कोंबडी ठेवते आणि ती खुडूक झाली की गिरिराजाची अंडी तिच्याखाली सरकवते.